कोथरूडचं एक पाळणाघर : १४ महिन्यांनंतर

लेक आठ महिन्यांची असताना तिला इथे घातलं, आता ती एक वर्ष दहा महिन्यांची आहे. नाव लिहीत नाही, कारण पाळणाघर चालवणाऱ्या काकू एकूण ११ मुलंच घेतात आणि फोन घेता घेता बाळांकडे दुर्लक्ष होतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. कोथरूडकरांनी शेजारीपाजारी विचारलं तर पत्ता सापडेल.

आधीचा अनुभव सांगायलाच हवा. २६ आठवड्यांची रजा संपल्यावर ऑफिसच्या इमारतीतल्या पाळणाघरात तिला ठेवलं होतं. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते आणि आईला दिवसातून चारदा बाळाला भेटता येतं. मी चारही वेळा जायचे. जागा चकचकीत, कॅमेरे, रबरी फरशी. पण प्रत्येक वेळी लेक वेगळ्याच बाईच्या हातात असायची. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणी आहे हो, अजिबात रडत नाही!" मलाही बरं वाटलं. मग एका रात्री दोन वाजता मला जाग आली, तर ही टक्क जागी. पंख्याकडे बघत पडलेली, हाक नाही की कुरकुर नाही. रडलं तरी कुणी येत नाही हे सात महिन्यांच्या बाळाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून पाठवणं बंद केलं. आई सांगलीहून येऊन राहिली, म्हणून निभावलं.

काकूंनी पहिल्या दिवशी तिला घेतलंच नाही. "तुम्ही बसा, ती मला बघू दे," म्हणाल्या. मी आठवडाभर रोज तिथे बसले. पहिले दोन दिवस तासभर, मांडीवर घेऊन. तिसऱ्या दिवशी ती आपणहून रांगत काकूंच्या बांगड्यांपर्यंत गेली. मग मी व्हरांड्यात, मग खाली चौकात. निघताना सांगूनच निघायचं, गुपचूप सटकायचं नाही, हा इथला पक्का नियम. दहाव्या दिवशी मला जाताना बघून लेक मोठ्याने रडली. काकू म्हणाल्या, "रडू दे. आई जातेय हे तिला कळतंय, आणि मी आहे हेही कळेल." त्या रडण्याने मला किती हायसं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

दोन वर्षांखालची चार बाळं फक्त काकूंकडे असतात, मोठी मुलं तिथल्या दुसऱ्या ताईंकडे. भरवणं, झोपवणं, लंगोट बदलणं, सगळं त्याच एका माणसाच्या हातून. लंगोट बदलताना त्या बाळाला आधी सांगतात, "आता पाय वर घेते हं," आणि थांबतात. महिन्याभरात लेक स्वतःच पाय उचलू लागली. खिमटाचा चमचा तिने तोंड फिरवून नाकारला की चमचा खाली. "बाबाबा" म्हणाली की "हो का? मग काय झालं?" आणि पुन्हा तिच्या उत्तराची वाट. नंतर वाचलं, की डॉ. एमी पिकलर या हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये आईवडिलांविना राहिलेल्या बाळांसाठी घर सुरू केलं, तिथे नेमकी हीच शिस्त होती: अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं उरकून टाकायचं नाही, बाळाशी नातं तिथेच जुळतं. काकूंनी हे नाव ऐकलेलं नाही. त्यांचं शिक्षण बालवाडीत २० वर्षं काम करून झालंय.

फोटो येत नाहीत. संध्याकाळी वही मिळते. "साडेअकराला डोळे चोळले, ट्रकच्या आवाजाने दचकली, कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिले, मग ४० मिनिटं झोपली." मला दहा फोटोंपेक्षा ही एक ओळ हवी असते.

एकदा दुसऱ्या मुलाने तिला दंडाला चावलं. काकूंनी मी विचारायच्या आत सांगितलं. चावणाऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही. तो दातांनी बेजार होता, आणि त्यालाही जवळ घेऊन बसवलं होतं. घरी येताना राग आला होता, आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

अडचणी आहेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. साडेसहा म्हणजे साडेसहाच. काकू आजारी पडल्या तर लहान बाळांचा वर्ग बंद, बदली बाई आणत नाहीत. गेल्या पावसाळ्यात चार दिवस मला रजा घ्यावी लागली. महिन्याला ९,००० रुपये, जेवण घरून.

बघायला जाणार असाल तर सकाळी साडेअकराला जा, बाळांच्या जेवणाच्या वेळी. काकू दारात उभं राहून बघू देतात. त्या लगेच तुमच्याशी बोलायला येणार नाहीत, हातातलं भरवणं संपेपर्यंत थांबावं लागेल.