सोळा महिने, एक अख्खा पावसाळा आणि घरातल्या पाच तऱ्हेच्या फरश्या

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात. जांभ्याचं, कौलारू, जोतं जेमतेम दीड फूट. ओटीवर जुना लाल कोबा, माजघरात आणि स्वयंपाकघरात साधा सिमेंटचा कोबा. त्याला इतक्या भेगा पडल्या होत्या की मुंग्यांच्या रांगा थेट जमिनीतूनच वर यायच्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही सगळ्या खोल्यांची फरशी एकदमच करून घेतली. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात आणि घरात त्या कायम अनवाणी.

फरशी बसवून आठ दिवसांनी लिहिलं असतं तर सगळंच छान वाटलं असतं. आता अख्खा पावसाळा गेलाय, दुसरा सुरू झालाय, म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. दुकानातल्या कोरड्या, थंडगार दालनात टाईल बघताना हे लक्षात राहत नाही. माझ्याही राहिलं नाही.

माजघरापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. चार फूट बाय दोन फुटाची पांढरी, चकचकीत व्हिट्रिफाइड टाईल, म्हणजे खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली, गुजरातमधल्या मोरबीची. दिसायला फार सुंदर. कौलारू घराचं माजघर अंधारं असतं, ते एकदम उजळलं. ही टाईल पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यामुळे हळद सांडो, तेल सांडो, फडकं फिरवलं की साफ. फणसाचा चीक पडला होता, तोही खोबरेल तेल चोळून पाच मिनिटांत निघाला. या बाबतीत तिला तोड नाही.

पण पाणी न पिण्याचा हाच गुण दोन ठिकाणी उलटला.

पहिलं म्हणजे घाम. मे महिन्याच्या शेवटी ढग येतात, हवा दमट होते, वारा पडतो, तेव्हा जमीन हवेपेक्षा थंड असते आणि तिच्यावर दव धरतं. जुन्या कोब्यावरही ते धरत असेल, पण कोबा ते पिऊन टाकायचा. या टाईलवर ते तसंच राहतं. सकाळी दिवा लावला की जमीन ओली आणि चकाकती दिसते. आई एकदा देवघराकडे जाताना सटकल्या. दाराची चौकट हातात आली म्हणून थोडक्यात निभावलं. त्या दिवसापासून रात्रभर पंखा हळू चालू ठेवतो आणि देवघरापर्यंत सुती सतरंजी अंथरलेली असते. इतके पैसे घालून घेतलेली टाईल सतरंजीखाली आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. आज घ्यायची झाली तर मी मॅट फिनिशच, म्हणजे चमक नसलेली, घेईन, लाल मातीचे पाय थोडे जास्त दिसले तरी चालतील.

दुसरं, टाईल उचलली. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, दुपारी दोनच्या सुमारास, नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघतो तर मधल्या दोन टाईल एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. मी घाबरून गेले, वाटलं जोतंच खचलं. नंतर दुसरे मिस्त्री आले. त्यांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि उकिडवे बसून एकेका टाईलवर वाजवत पुढे सरकत गेले. जिथे टाईलखाली वाळू-सिमेंटचा माल भरलेला होता तिथे टणक, बारीक आवाज. मग अचानक आवाज बदलायचा, ढब ढब, रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा. तिथे ते खडूने फुली मारत गेले. माजघरात एकूण अकरा फुल्या झाल्या.

कारण त्यांनी उकललेली टाईल उलटी करून दाखवलं. मागची बाजू जवळजवळ कोरी होती. आधीच्या कारागिराने वाळू-सिमेंटचा माल पसरून, वर सिमेंटचं पाणी ओतून टाईल ठेवली होती. जुन्या मोझॅकच्या लाद्या अशा पद्धतीने घट्ट बसायच्या, कारण त्या पाणी शोषतात आणि सिमेंट त्यांना धरून ठेवतं. व्हिट्रिफाइड काही शोषतच नाही, मग सिमेंट धरणार कशाला? शिवाय टाईलला टाईल घट्ट चिकटवलेली, मध्ये केसाइतकीही फट नाही, भिंतीलाही थेट टेकलेली. उन्हाळ्यात टाईल किंचित वाढते. तिला सरकायला जागा नसली की ती वरच येणार. फट ठेवू नका, घाण बसते, असं मीच त्या कारागिराला सांगितलं होतं. तेव्हा तो काही बोलला नाही.

नव्या मिस्त्रींनी त्या टाईल काढून खालचा माल खरवडला, टाईल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाईल चिकटवायचा खास माल, दाते असलेल्या थापीने पसरलं, टाईलच्या पाठीवरही एक हात मारला, टाईलमध्ये फट राहावी म्हणून दोन मिलिमीटरचे स्पेसर लावले आणि भिंतीपाशी जागा सोडली. ती जागा स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली, झाकली जाते, दिसत नाही. फटीत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनचं फट भरायचं मिश्रण, भरलं. ते महाग पडतं, पण तेवढ्या भागातल्या रेघा आजही पांढऱ्या आहेत आणि बाकीच्या माजघरातलं साधं ग्राउट केव्हाच काळवंडलंय. टाईलच्या तीन पेट्या मी जास्तीच्या आणल्या होत्या, त्याच बॅचच्या. पेटीवर शेड नंबर छापलेला असतो. तो वेगळा असला तर तीच टाईल शेजारी लावल्यावर वेगळी दिसते. त्या पेट्या नसत्या तर माजघराला ठिगळं लागली असती.

आता स्वयंपाकघर. तिथे कोटा, म्हणजे राजस्थानातल्या कोट्याचा दगड, घातला. घातला तो निव्वळ स्वस्त म्हणून, तेव्हा साधारण पन्नास रुपये चौरस फूट, मजुरी आणि पॉलिश वेगळं. आणि आज घरातली माझी सगळ्यात आवडती जमीन तीच आहे. हिरवट-करडा रंग, पायाला थंड पण गुळगुळीत नाही. पॉलिशवाला एकामागून एक बारीक होत जाणारे दगड लावून मशीन फिरवतो. शेवटचे आरशासारखी चमक आणणारे दगड मी लावू दिले नाहीत. तो म्हणाला, "ताई, काम अर्धवट दिसेल, लोक मला नावं ठेवतील." मी ऐकलं नाही. दमट दिवसांत माजघर घाम गाळत असताना स्वयंपाकघरात आई निर्धास्त चालतात, तेव्हा मला त्या निर्णयाचं समाधान वाटतं. एक मात्र लक्षात ठेवा, पॉलिशची राड भिंतीवर दीड-दोन फुटांपर्यंत उडते. आधी रंग काढून घेतलात तर तो पुन्हा काढावा लागेल.

कोट्याचं दुखणं म्हणजे आंबट. तो चुनखडीचा दगड आहे. मे महिन्यात आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, भरताना बरणी कलंडली आणि ओंजळभर आगळ जमिनीवर पडलं. मी लगेच पुसलं नाही, हात भरलेले होते. दहा मिनिटांनी पुसलं तर लाल डाग गेला, पण खाली पांढुरका, खरखरीत चट्टा उरला. हात फिरवला की कळतं, तो डाग नाही, तेवढा दगड खाल्ला गेलाय. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून बराच वेळ घासला तेव्हा तो पुष्कळ कमी झाला, पण उन्हाची तिरीप आली की दिसतो. लिंबू, चिंच, कोकम, ताक सांडलं की हातातलं काम टाकून आधी पुसा. आणि संडासचं ॲसिड कोट्याच्या, शहाबादीच्या किंवा संगमरवराच्या जवळपासही नेऊ नका.

स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधे आणखी एक चूक झाली, जी कुठल्याच दुकानदाराने सांगितली नाही. कोटा जवळजवळ एक इंच जाड, खाली दोन इंच माल. टाईल एक सेंटिमीटरही नाही. दोन्ही खोल्यांची तयार पातळी आधी दोरी लावून ठरवली नाही, तर दारात पायरी तयार होते. आमच्याकडे पाऊण इंचाची झाली. पूर्ण पायरी असती तर पाय आपोआप उचलला जातो. पाऊण इंच डोळ्याला दिसत नाही आणि अंगठ्याला बरोबर सापडतो. आई दोनदा ठेचकाळल्या. शेवटी तिथे काळ्या कडाप्प्याचा चार इंच रुंद उंबरा बसवून त्याची कड घासून उतरती केली. काळा असल्यामुळे तो दिसतोही.

मुलीच्या खोलीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण अजून त्रास होतो. तिला लाकडासारखी जमीन हवी होती, म्हणून लॅमिनेट घातलं. पहिले चार महिने ती खोली घरातली सगळ्यात देखणी खोली होती. अनवाणी पायाला ऊबदार, बसवायला एक दिवस. जुलैत पट्ट्यांच्या कडा फुगायला लागल्या. वरून पाणी सांडलं नव्हतं. ओल खालून, जोत्यातून आली होती. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो, तो एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. खाली पातळ फोम होता, पण प्लॅस्टिकचा जाड कागद कुणी घातलाच नाही. ऑगस्टमध्ये सगळं उचकटलं तेव्हा खाली काळी बुरशी आणि कुबट वास.

एक साधी परीक्षा आहे, ती मला आधी माहीत असायला हवी होती. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक कोब्यावर अंथरायचं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचं. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळा पडला असेल तर तिथे लाकडाचं काहीही घालू नये. परीक्षा उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात करायची. नोव्हेंबरमध्ये आम्ही प्लॅस्टिकचा कागद घालून त्यावर एसपीसीच्या (स्टोन प्लॅस्टिक कंपोझिट) पट्ट्या बसवल्या. त्यांच्या पोटात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, त्यामुळे पट्टी स्वतः फुगत नाही. सात महिने झाले, कडा सरळ आहेत. लोखंडी खाट ओढली तिथे दोन ओरखडे आलेत. खालची जमीन सपाट नसेल तर पट्टी पायाखाली हलते आणि टक-टक वाजते, म्हणून आधी कोबा लेव्हल करून घ्यावा लागला, तो खर्च वेगळा. पूर्ण पावसाळा तिने अजून पाहिलेला नाही, त्यामुळे आज मी तिची यापेक्षा जास्त तारीफ करणार नाही.

न्हाणीघरात एक फुटाची खरखरीत अँटिस्किड टाईल आहे. पकड उत्तम. साबणाचा थर मात्र खरखरीत भागात अडकतो, आठवड्यातून एकदा ताठ ब्रशने घासावाच लागतो. इथे टाईलपेक्षा ढाळ महत्त्वाचा. चार फुटांना साधारण अर्धा-पाऊण इंच ढाळ हवा, तोही मोरीच्या जाळीकडे. आमच्याकडे कारागीर निघायच्या आत मी बादलीभर पाणी ओतलं. कोपऱ्यात ताटाएवढं डबकं राहिलं. तेवढ्या चार टाईल त्याच संध्याकाळी, माल ओला असतानाच काढून पुन्हा बसवल्या. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

ओटीचा लाल कोबा आम्ही ठेवला. सगळे म्हणत होते, त्याच्यावरच टाईल मारा. तो माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासूनचा आहे, मधे पायांनी झिजून गुळगुळीत झालेला, कडेला एका बाळपावलाचा ठसा उमटलेला. भेगा भरल्या, धुतला, खोबरेल तेलाचा हात दिला. आल्यागेल्याचे ओले पाय, छत्र्यांचं पाणी, सगळं त्याच्यावरच येतं, आणि एकदाही कुणी घसरलेलं नाही. अंगणही सारवलेलंच ठेवलंय. दिवाळीच्या आधी माती घालून चोपतो आणि शेणाने सारवतो. पेव्हर ब्लॉक घाला असं सुचवणारे पुष्कळ आहेत, पण आईंना सकाळी सारवलेल्या अंगणात रांगोळी काढायची असते, आणि ते माझ्यासाठी पुरेसं कारण आहे.

मागची पडवी राहिलीय. तिथे भांडी घासली जातात, सरपण येतं, नारळ सोलले जातात. तिच्यासाठी रफ शहाबादी आणून ठेवलीय, दीड इंच जाड, करडी, पॉलिश न केलेली. पाऊस उघडला की काम सुरू. मिस्त्रींना सांगून ठेवलंय की पहिल्या दिवशी एकही फरशी बसवायची नाही, फक्त दोरी लावून ढाळ आणि दारातली पातळी काढायची आणि ती मला व आईंना दोघींना दाखवायची. आईंनी स्वतः सांगितलंय, दारात उंबरा नको, पाय सरळ जाऊ दे.