धुळे 424001 की जळगाव 425001?

खानदेशातल्या या दोन पिनकोडांत फरक फक्त एक हजाराचा, पण गणितात दोघांचं गोत्रच वेगळं.

जळगावचा पटकन उलगडतो. अंकांची बेरीज 12, म्हणजे 3 ने भाग जाणारच: 3 × 141667. हा दुसरा विभाजक मूळ संख्या, तेव्हा फोड तिथेच संपते.

धुळ्याचा मात्र दाद देत नाही. वर्गमूळ 651 च्या किंचित पुढे, म्हणून 647 पर्यंतच्या सगळ्या 118 मूळ संख्यांनी भागून पाहायचं. 53 ने भागलं तर बाकी 1, अगदी थोडक्यात हुकतं! पण एकीनेही भाग जात नाही. 424001 मूळ संख्या आहे.

खरी मजा पुढे. दोन्हींना 4 ने भागलं की बाकी 1 उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, तीही एकाच प्रकारे. हे फ्रेंच गणितज्ञ फर्माचं प्रमेय. धुळ्याची जोडी 620² + 199² (384400 अधिक 39601, करून बघाच). जळगावला ही जोडी मिळणं शक्यच नाही. दोन वर्गांच्या बेरजेला 3 ने भाग जायचा तर दोन्ही वर्गांना जावा लागतो, मग बेरजेला 9 नेही जायला हवा. इथे अंकांची बेरीज 12, म्हणजे जात नाही.

माझं मत धुळ्याला. नंदुरबारचा 425412 सम, त्यामुळे तो मूळ असण्याचा प्रश्नच नाही.