गोड-तिखट बीफ बाऊल आणि गोचुजांगचा लाल डबा

गोड-तिखट बीफ बाऊल, म्हणजे भातावर वाढलेला गोड-तिखट खिमा, घरी करायचा तर पैसे मुख्यतः दोनच ठिकाणी जातात: मांसात आणि गोचुजांग या कोरियन मिरचीच्या वाटणाच्या लाल डब्यात. मांस घेताना खाटकाला चार प्रश्न विचारता येतात. डब्यावर मात्र कोरियन अक्षरं, मिरचीचं चित्र आणि ज्वाळा एवढंच दिसतं, आणि बाऊल फसतो तो बहुतेक वेळा या डब्याच्या गैरसमजातून. म्हणून हे परीक्षण आधी डब्याचं आणि मग त्यातून होणाऱ्या बाऊलचं. निकाल आधीच: मध्यम तिखटाचा ५०० ग्रॅमचा डबा जरूर घ्यावा, पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो गोडव्यामुळे. मूळ पदार्थाला लागतो त्यापेक्षा जास्त गोडवा कारखान्यात भरलेला असतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याला तो धरूनच पुढचा हिशेब मांडावा लागतो.

गोचुजांग म्हणजे मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ यांचं मुरवलेलं घट्ट वाटण. सोयाबीनच्या या पुडीला मेजू म्हणतात. पारंपरिक पद्धतीत ते मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने मुरतं. जोनबुक (पूर्वीचा उत्तर जोल्ला) प्रांतातला सुनचांग हा भाग त्यासाठी कोरियाभर प्रसिद्ध आहे. त्याची चव आपल्याकडच्या कुठल्याच ठेच्यात किंवा चटणीत नाही. मिरचीचं तिखट मागून येतं. आधी जिभेला लागते ती आंबवलेल्या सोयाबीनची खारट, मांसासारखी भरीव चव आणि तांदळाचा गोडवा. आंबटपणा जवळजवळ नसतो, आणि हे मराठी हाताने आधीच ध्यानात घ्यायला हवं. आमटीत गूळ पडला की चिंच किंवा आमसूल पाठोपाठ येतंच. इथे ती जोडी अर्धीच मिळते, उरलेली अर्धी शेवटी स्वतः घालायची असते.

दुकानात सुनचांग आणि हेचानदल ही दोन ब्रँडची नावं सगळ्यात जास्त दिसतात. दोन्ही या कामाला चांगली आहेत. निवड नावावरून करण्यापेक्षा डबा फिरवून पाहावा. तिखटाची पातळी सहसा पाच पायऱ्यांत छापलेली असते. त्यासाठी कोरियात जीएचयू नावाचं एकक आहे: ३०च्या खाली सौम्य, ३० ते ४५ किंचित तिखट, ४५ ते ७५ मध्यम, ७५ ते १०० जास्त आणि १००च्या पुढे अतितिखट. कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी जेवणाची सवय असलेल्यांना मध्यम डबा मवाळ वाटेल, तरीही तोच घ्यावा. कारण पुढे येईलच.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. सुरुवातीलाच कॉर्न सिरप किंवा स्टार्च सिरप दिसलं, तर कृतीतल्या साखरेचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. तांदूळ किंवा मिरची आधी असेल, तर कृतीत लिहिलेली साखर पूर्ण घालायला हरकत नाही. बहुतेक कारखानी डब्यांत गहू किंवा जव असतो, म्हणून ग्लुटेन चालत नसेल त्यांनी हे वाचल्याशिवाय घेऊ नये. अनेक डब्यांत टिकण्यासाठी थोडं अल्कोहोलही घातलेलं असतं. हलाल पाळणाऱ्यांनी तशी खूण असलेलाच डबा शोधावा.

फसगत होते ती दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमुळे. एक म्हणजे दाबून काढायच्या बाटलीतला गोचुजांग सॉस. त्यात पाणी, साखर आणि व्हिनेगर आधीच मिसळलेलं असतं, म्हणून तो तळलेल्या पदार्थांबरोबर खायला ठीक, पण कढईत परतला की पातळ राहतो. दुसरं चोगोचुजांग, म्हणजे व्हिनेगर घातलेलं गोचुजांग, जे कच्च्या माशाबरोबर खातात. बाऊलसाठी हवं ते घट्ट वाटण. चमचा उलटा केला तरी पडणार नाही, इतकं घट्ट.

पर्याय म्हणून श्रीराचा किंवा शेजवान चटणी सुचवली जाते. दोन्हींनी बाऊल तिखट होतो, पण सोयाबीनचा भरीवपणा येत नाही आणि खिमा नुसता लाल दिसतो. डबा मिळतच नसेल तर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी वाटण) एक मोठा चमचा, ब्याडगी मिरचीची पूड एक मोठा चमचा आणि किसलेला गूळ दोन छोटे चमचे थोड्या पाण्यात कालवून घ्यावं. त्यातल्या त्यात हेच जवळचं. ब्याडगीचा रंग गडद आणि तिखट कमी, गोचुगारू या कोरियन मिरचीपुडीसारखंच.

आता मूळ पदार्थाबद्दल थोडं, कारण त्यावरूनच कृती ठरते. कोरियात बीफची बुलगोगी (मुरवून भाजलेले मांसाचे पातळ काप) सोया सॉस, नाशपाती आणि लसणाची असते. गोचुजांगचं लाल परतणं जास्त करून डुकराच्या मांसाचं. मात्र बीफचा खिमा, गोचुजांग, मध आणि तिळाचं तेल एकत्र परतून केलेलं याकगोचुजांग जुनं आहे, आणि ते भाताबरोबर, बिबिमबाप या भाज्या घालून कालवलेल्या भाताबरोबर खातात. घरचा गोड-तिखट बीफ बाऊल या याकगोचुजांगचा वंशज मानावा. त्यातलं गोचुजांग कमी केलेलं आणि मांस वाढवलेलं. एकदा असं पाहिलं की आधी खिमा, मग वाटण तेलात परतणं, गोड सगळ्यात शेवटी हा क्रम आपोआप कळतो.

तीन बाऊलसाठी १० टक्के चरबीचा बीफ खिमा ५०० ग्रॅम घ्यावा. गोचुजांग दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. सोया सॉस दीड मोठा चमचा. लसणाच्या पाच पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं, दोन्ही बारीक चिरून. एक मध्यम कांदा. ब्राऊन शुगर किंवा किसलेला गूळ एक मोठा चमचा, सिरपचा डबा असेल तर अर्धाच. तांदळाचं व्हिनेगर दोन छोटे चमचे, भाजलेल्या तिळाचं तेल एक छोटा चमचा, पाणी पाव कप. वरून मीठ नाही, चिमूटभरही नाही. सोया आणि गोचुजांग मिळून एका बाऊलमध्ये जवळपास ८०० मिलीग्रॅम सोडियम आधीच जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० मिलीग्रॅम आहे.

खिमा राखाडी आणि पाणचट होणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मांसातलं पाणी कढईत साठलं की तापमान १०० अंशांवर अडकतं. खमंग तांबूस रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो. म्हणून ५०० ग्रॅमसाठी २८ ते ३० सेंटिमीटरचा जाड बुडाचा पसरट तवा घ्यावा, बिडाचा असेल तर उत्तम. छोटी कढई असेल तर खिमा दोन खेपांत परतावा. तवा चांगला तापवून, चमचाभर साधं तेल घालून खिमा एका थरात दाबून पसरावा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नये. इथे हात आवरणं जड जातं, कारण आपल्याकडचा खिमा सतत ढवळत करायची सवय असते. खालची बाजू तपकिरी झाली की उलटून मोडावा.

खिम्याला फारच पाणी सुटत असेल तर एक उपाय खात्रीचा आहे: पाव छोटा चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून खिम्याला चोळावा आणि १५ मिनिटं ठेवावा. सोड्याने मांसाचा आम्लपणा कमी होतो, पाणी आत धरून राहतं आणि रंगही लवकर येतो. याहून जास्त सोडा घातला तर साबणासारखी चव येते.

खिमा तांबूस झाला की बाजूला सारून मोकळ्या जागेत कांदा दोन मिनिटं, आलं-लसूण अर्धा मिनिट परतावं. मग तिथेच सुटलेल्या चरबीत गोचुजांग घालून मध्यम आचेवर मिनिटभर परतावं. कच्च्या वाटणाला पिठूळ, किंचित कडवट वास असतो, तो तेलात परतल्यावरच जातो. रंग भडक लालवरून विटकरी झाला आणि कडेला तेल सुटलं की झालं. आच मोठी ठेवली तर वाटणातली साखर तीस सेकंदांत करपते, आणि करपलेलं गोचुजांग कशानेही सुधारत नाही. मग पाणी आणि सोया घालून सगळं एकत्र करावं आणि दोन-तीन मिनिटं आटवावं. गूळ शेवटच्या मिनिटाला. आच बंद केल्यावर व्हिनेगर आणि तिळाचं तेल. तिळाच्या तेलाचा सुगंध उष्णतेत उडतो, म्हणून ते फोडणीला वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. थर्मामीटर असेल तर खिमा आत ७१ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे.

आता तिखटाचं. चव मवाळ वाटली की हात आपोआप डब्याकडे जातो आणि तिसरा-चौथा चमचा पडतो. असं केलं की तिखटाबरोबर साखर आणि मीठही वाढतं आणि बाऊल जड, चिकट, खारट होतो. तिखट वाढवायचं तर गोचुगारू, नाहीतर आपलंच लाल तिखट अर्धा छोटा चमचा, गोचुजांग परततानाच घालावं. वाटण चवीसाठी असतं, तिखटासाठी मिरची वेगळी. मध्यम डबा घ्यायचा तो यासाठीच: तिखट वर नेता येतं, कमी करता येत नाही.

प्रथिनांचा हिशेब सरळ आहे. १० टक्के चरबीच्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ५०० ग्रॅमचे तीन वाटे केले की प्रत्येकी ३३. त्यावर दीडशे ग्रॅम शिजलेला भात ४, एक अंडं ६, सोललेलं एडामामे (कोवळं सोयाबीन) ५० ग्रॅम म्हणजे आणखी ६. एकूण ४९ ग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक साधारण ६८०. स्वस्त म्हणून २० टक्के चरबीचा खिमा घेतला तर प्रथिनं १०० ग्रॅमला १७ वर येतात आणि उष्मांक बरेच वाढतात. अशा वेळी गोचुजांग घालण्याआधी सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकीची काढून टाकावी. गोचुजांगमधून प्रथिनं नावालाच मिळतात. डब्यावर सोयाबीन आहे म्हणून त्याला पौष्टिक समजू नये.

खिम्याऐवजी पातळ काप हवे असतील तर सरलॉइन (कमरेकडचं मांस) अर्धा तास फ्रीझरमध्ये घट्ट करून, धाग्याला आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाड कापावेत. त्याला किसलेली नाशपाती लावून तासभर ठेवता येते. किवी वापरली तर मोठ्या चमच्यापेक्षा जास्त नको आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, नाहीतर कापांचा लगदा होतो. कच्च्या पपईचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे मिळतं ते म्हशीचं मांस. ते गडद आणि कमी चरबीचं असल्याने लवकर कोरडं पडतं. खिमा दोनदा काढून घ्यावा, तेल एक चमचा जास्त आणि पाणी पाव कपाऐवजी अर्धा कप घालून पाच मिनिटं झाकून शिजवावा. चव गोचुजांगला उत्तम पेलते, माझ्या मते गाईच्या खिम्याहूनही. गोव्यात किंवा परदेशात राहणाऱ्यांना वरची मूळ मापं तशीच चालतील.

भात मात्र बासमती नको. मोकळ्या शितांवरून रस घसरून तळाला साचतो. कोरियन आखूड दाण्याचा तांदूळ नसेल तर इंद्रायणी नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवावा. तो चिकटतो आणि रस धरून ठेवतो. सोबत काकडीच्या चकत्या: मीठ लावून दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळाव्यात, वर थोडं व्हिनेगर आणि भाजलेले तीळ. हे सजावटीसाठी नाही. गोड, खारट, तिखट अशा तीन जड चवींच्या मध्ये ही थंड आंबट काकडी नसेल तर अर्ध्या बाऊलनंतर जीभ कंटाळते.

आठवड्याचे डबे भरणाऱ्यांनी भात आणि खिमा शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. भात बाहेर राहिला की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. काकडी वेगळ्या डबीत, अंडं ऐन वेळी.

उघडलेलं गोचुजांग फ्रिजमध्ये ठेवायचं, कोरड्या चमच्याने काढायचं आणि आतलं प्लॅस्टिकचं पापुद्र्यासारखं झाकण वाटणावर परत दाबून बसवायचं. वरचा थर काळपट झाला तर तो हवेमुळे, खराब झाल्यामुळे नाही. खालचं ढवळून वापरता येतं. बुरशीचा केसाळ ठिपका दिसला तर मात्र वरचा थर काढून भागत नाही, डबा टाकावा. आणि डबा संपत आला की कडांना चिकटलेलं दोन चमचे कोमट पाण्याने हलवून सोडवून घ्यावं. कृतीतल्या पाव कप पाण्यातलेच हे दोन चमचे.