18 इंची पत्र्याचा कूलर: एक उन्हाळा चालवून, आठ महिने बंद ठेवून आलेला अनुभव

गारव्याबद्दल तक्रार नाही. तिन्ही बाजूंना गवत, 18 इंची पंखा. नागपूरच्या कोरड्या हवेत मार्च ते मे खोली मस्त गार. नवतपा संपून मृगाच्या सरी आल्या की हवेतच ओल असते, मग कूलर नुसता चिकचिक करतो. तिथे तो बंद करायचा. खरी परीक्षा त्यानंतरची, कारण पत्र्याचा कूलर चालताना सडत नाही तेवढा बंद असताना सडतो.

दोष टाकीत आहे. पाणी सोडायची तोटी तळापासून अर्धा इंच वर बसवली आहे. तोटीतून धार थांबली की टाकी रिकामी झाली असं वाटतं, पण 2 बाय 2 फुटांच्या टाकीत अजून साडेचार लिटरच्या वर पाणी असतं. उन्हाळाभर पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. ते सगळे या उरलेल्या पाण्यातल्या राखाडी गाळात. जोडाच्या रेषेवर आधी जस्ताचा थर जातो, मग टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. उपाय फुकटचा: तोटीच्या विरुद्ध बाजूच्या दोन पायांखाली दीड इंची लाकडी ठोकळे लावा. लिटरभराच्या आत पाणी उरतं, ते फडक्याने टिपून घ्या.

टाकी नुसती ओतून भागत नाही. एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीवर अंडी घालतो आणि ती कोरडी महिनोन्महिने टिकतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की अळ्या हजर. म्हणून त्या पांढऱ्या रेषेवर ताठ ब्रश घासा आणि ते पाणी जमिनीवर ओता, दुसऱ्या भांड्यात नाही. क्षार निघत नसतील तर लिटरला 50 ग्रॅम लिंबूसत्व, अर्धा तास, मग साध्या पाण्याने दोनदा धुणं. संडासचं ॲसिड अजिबात नको, ते क्षारासोबत जस्तही खातं.

गंजलेल्या जागी पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग), तो पूर्ण वाळला की डांबरी काळ्या रंगाचे दोन हात. हे काम जुलैत करू नका. पत्रा ओलसर असला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठीच आहे.

गवत फेकून द्या. ठेवलं तर बुरशी तरी धरतं, नाहीतर उंदीर घर करतात. हनीकोम्ब पॅड असतील तर आधी पंप बंद ठेवून तासभर नुसता पंखा चालवा, मगच काढा.

पंप काढून जाळी उघडा, आतलं छोटं चाक लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करा, वाळवून घरात ठेवा. क्षाराने चाक जाम असताना बटण दाबलं तर पंप गुणगुणतो आणि वाइंडिंग जळतं. पंख्याची मोटर बुशची असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब. सीलबंद बेअरिंगला तेल लागत नाही. मोटर घुं करते, पण पातं हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही? बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा भाग) गेलेला असतो. मोटर बदला म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी तो तपासायला लावा.

झाकायला प्लास्टिक नको, आतली वाफ आतच घाम धरते. जुनी चादर बरी, वर पाऊस अडवायला पत्र्याचा तुकडा. स्क्रू साध्या लोखंडाचे दिलेत, ही कंपनीची कंजुषी; पहिल्याच वर्षी स्टीलचे घाला.

फेब्रुवारीअखेर गवत भरण्याआधी पंप आणि मोटरच्या वायरचं रबर कुठे चिरलंय का बघा. तीन पिनची प्लग, अर्थिंग आणि 30 मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), तिन्ही हवेत. पाणी भरून कूलर चालू असताना टेस्टर बॉडीला लावा. दिवा मिणमिणला तरी प्लग काढा, अर्थिंग दुरुस्त होईस्तोवर हात लावू नका.