तीन दिवसांत हिरवंगार झालेलं लॉन

पाऊस ओसरतो, नवरात्र तोंडावर येतं आणि सोसायटीच्या पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या छतावरचं, लॉन पिवळं दिसू लागतं. नेमका याच सुमारास 'लॉन स्पेशल' खतवाला सेक्रेटरींना गाठतो. तीन दिवसांत हिरवं झालं तरच पैसे द्या, म्हणतो. सगळी मेख या अटीत आहे, कारण लॉन खरोखरच तीन दिवसांत हिरवं होतं. गडद, जवळजवळ निळसर. कमिटी खूश, चेक निघतो, वर्षभराच्या पोत्यांची ऑर्डरही जाते. तीन-चार आठवड्यांत पिवळेपणा परत येतो आणि कडेच्या लाद्यांवर तांबूस डाग उरतात.

ते डाग गंजाचे. पोत्यात खत नावापुरतं, बाकी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लोहामुळे पानाला रंग चढतो, पण फुटवे येत नाहीत. मुंबईच्या पावसात पोडियमच्या वीतभर मातीतून धुऊन जातो तो नायट्रोजन, आणि हिराकशीत तो नसतोच. ओळखायचं कसं? माळ्याला विचारा, कापलेलं गवत किती निघालं. रंग पालटला पण कापणी पूर्वीइतकीच निघाली, तर ती नुसती रंगरंगोटी. कोपऱ्यातलं शेवाळ काळं पडलं असेल तर शंकाच नको.

पैसे देण्याआधी कोऱ्या चहात चिमूटभर खत टाकून बघा. हिराकस असेल तर चहा शाईसारखा काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी करतच असत. दुसरी परीक्षा शेतकऱ्यांची: चार दाणे तळहातावर घेऊन चुन्याबरोबर तंबाखूसारखे मळायचे. अमोनियमचं खत असेल तर नाकात जाणारा उग्र वास येतो. युरियाला तो लगेच येत नाही, म्हणून युरिया पाण्यात टाका. अस्सल असेल तर तळाशी काही उरत नाही आणि ग्लास हाताला गार लागतो.

आता पोत्यावरचे आकडे. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार घटकांची टक्केवारी आणि निव्वळ वजन छापलेलं हवं. 'सेंद्रिय आहे, टक्केवारी लागत नाही' हे ऐकून घेऊ नका. गांडूळखतालाही किमान 1 टक्का नायट्रोजनची अट आहे. पोतं मशीनने शिवलेलं हवं, हाताने शिवलं असेल तर शिशाचं सील. आणि पक्कं बिल. बिल नाही म्हटल्यावर बरेचसे खतवाले आपणहून निघून जातात.

1000 चौरस फुटांना एका वेळी साधारण 400 ग्रॅम नायट्रोजन पुरतो. म्हणजे अमोनियम सल्फेट दोन किलो, किंवा 19:19:19 (नायट्रोजन, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) दोन किलोंहून थोडं जास्त. तेवढ्यासाठीच 1 टक्क्याचं गांडूळखत 40 किलो लागेल. गांडूळखत वाईट नाही, मातीला ते हवंच. पण त्याच्या पाच किलोच्या पिशवीत एवढं लॉन हिरवं करून देतो म्हणणारा थापा मारतोय. भावही किलोवर नको, नायट्रोजनच्या किलोवर काढा. पाकिटाची किंमत भागिले त्यातला नायट्रोजन, एवढंच गणित.

खत खरं असूनही लॉन जळतं, तेव्हा दोष बहुधा हाताचा असतो. माळी मूठभर फेकतो, ढीग पडतो तिथे तपकिरी चट्टे उठतात. पोडियमवर मात्रा निम्मी करून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. प्रत्येक वेळी अमोनियम सल्फेट दुप्पट कोरड्या वाळूत मिसळा. अर्धं लांबीच्या दिशेने, अर्धं रुंदीच्या. पानं कोरडी असताना, संध्याकाळी. लाद्यांवर सांडलेलं आधी कोरड्या झाडूने गवतात ओढून घ्या आणि मगच पाणी सोडा.