आरसीवर 'दिव्यांगजन' अशी नोंद असलेल्या गाडीचा नऊ महिन्यांचा अनुभव

२०२५ च्या दसऱ्याला आम्ही ऑटोमॅटिक गिअरची छोटी पेट्रोल गाडी घेतली. लहानपणी उजव्या पायाला पोलिओ झाल्यामुळे मी कॅलिपर (पायाला ताठ ठेवणारा पट्ट्यांचा आधार) आणि एक कुबडी वापरते, आणि त्याआधीची अकरा वर्षे मी बाजूला दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवर काढली. रत्नागिरी जिल्ह्यातला पाऊस ज्याने स्कूटरवर अंगावर घेतला आहे, त्याला गाडी कशाला हवी होती हे सांगावे लागणार नाही. मात्र येथे लिहायचे आहे ते गाडीविषयी नव्हे, तर तिच्या नोंदणीविषयी आणि त्या नोंदणीमुळे पार्किंगच्या बाबतीत प्रत्यक्षात काय पदरात पडले त्याविषयी.

पहिली चूक खरेदीच्या दिवशीच झाली. अस्थिव्यंग चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर लहान गाडीला २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांना सर्वांसाठीच १८ टक्के दर लागू झाला, त्यामुळे 'आता सवलतच उरली नाही, तर वेगळी नोंद कशाला?' असे म्हणून विक्रेत्याने मालकीच्या प्रकारात सरळ 'वैयक्तिक' निवडून टाकले. मीही मुहूर्ताच्या गडबडीत कागद न वाचता सह्या केल्या. वास्तविक ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदणीच्या नमुना २० मध्ये बदल करून मालकीच्या प्रकारांत 'दिव्यांगजन' हा प्रकार घालण्यात आला, आणि त्याचे दोन पोटप्रकार आहेत : जीएसटी सवलत घेतलेले आणि सवलत न घेतलेले. दुसरा पोटप्रकार माझ्यासारख्यांसाठीच आहे. आज जे गाडी घेत आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, विक्रेत्याच्या संगणकावर अर्ज भरला जात असताना शेजारी बसावे आणि तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

पुढे ती नोंद दुरुस्त करून घेतली, पण त्यासाठी दोन खेपा आणि रजेचे दोन दिवस गेले. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र), मूळ आरसी आणि हाताने चालवायच्या ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या किटची कागदपत्रे सोबत होती. हे किट पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलेच घ्यावे, कारण फेरबदलाची नोंद करताना विचारला जाणारा पहिला कागद तोच असतो. मोटार वाहन निरीक्षकांनी लिव्हर दाबून पाहिला, मला आवारात एक फेरी मारायला लावली आणि उतरताना स्वतः कुबडी पुढे केली. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'अनुकूलित वाहन' म्हणतात. त्यापूर्वीचा 'इनव्हॅलिड कॅरेज' हा इंग्रजी शब्द फार बोचरा होता, तो गेला हे बरे झाले.

आता मुद्द्याकडे वळते. आरसीवर शब्द आला म्हणजे पार्किंगचा परवाना मिळाला, अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. आपल्याकडे देशभर चालेल असे एकच पार्किंग ओळखपत्र नाही. काचेवर लावायचे चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र चाळीस रुपयांना मिळते आणि ते कोणीही विकत घेऊन लावू शकतो. म्हणूनच पहारेकरी त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आरसी आणि यूडीआयडी कार्ड एकत्र दाखवले की मात्र बोलणे थांबते. नऊ महिन्यांत मला ही दोन कार्डे बहुधा तीसेक वेळा काढून दाखवावी लागली असतील, आणि त्यांपैकी तीन ठिकाणे सोडली तर सर्वत्र जागा मिळाली. कागदाच्या उपयोगाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मिळालेल्या जागेबद्दल.

ज्यांनी कॅलिपर वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. गाडीत बसताना गुडघ्याजवळची कडी वर ओढून पाय दुमडता येतो, पण उतरताना आधी संपूर्ण पाय दाराबाहेर सरळ काढावा लागतो, मग कडी खाली सरकवून 'खट्' असा आवाज येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्यानंतरच कुबडीवर भार देऊन उठता येते. दार अर्धे उघडून हे होत नाही. माझी गाडी सुमारे पावणेदोन मीटर रुंद आहे. जेथे मी आठवड्यातून दोनदा जाते त्या कार्यालयाच्या आवारात राखीव जागेवर चित्र सुंदर रंगवलेले होते, परंतु टेप लावून मोजले तेव्हा रुंदी भरली अडीच मीटर, म्हणजे शेजारच्या साध्या जागेइतकीच. दोन्ही बाजूंना मिळून उरले पाऊण मीटर. शेजारी दुसरी गाडी उभी असली की मी माझ्याच राखीव जागेत माझ्याच गाडीत अडकून बसायची. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ही रुंदी किमान ३.६ मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगितले आहे. हे आकडे कोणी हौसेने ठरवलेले नाहीत, ३.६ मीटरमध्ये गाडी डावीकडे सरकवून लावली की उजवीकडे पाय, कुबडी आणि मी असे तिघेही मावतो.

अंतराचेही तसेच. कोरड्या दिवसात तीस मीटर काही नाही. जुलैत जांभ्या दगडाच्या फरशीवर शेवाळ धरले की तीच तीस मीटर चालायला मला सात-आठ मिनिटे लागतात, एका हातात छत्री धरता येत नाही, आणि कुबडीचे रबर सटकले तर धरायला कठडा नसतो. कोकणात तरी राखीव जागा पत्र्याच्या छपराखाली किंवा निदान पागोळीच्या आत असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका ठिकाणी ती जागा नेमकी आवारातील सर्वांत सखल कोपऱ्यात दिलेली आहे. तेथे मी दार उघडते आणि सरळ काढलेला पाय घोटाभर पाण्यात जातो.

शिमग्याला चाकरमानी आले आणि गावात पाय ठेवायला जागा उरली नाही, त्या आठवड्यात एक प्रसंग घडला. माझा भाचा गाडी घेऊन मासळी आणायला गेला आणि बाजारातील राखीव जागेत ती लावून निवांत सुरमईचा भाव करत बसला. 'मावशी, गाडी तर तुझ्याच नावावर आहे ना?' असे त्याचे म्हणणे. कायद्यातील व्याख्येप्रमाणे अनुकूलित वाहन हे केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायचे असते, हे मी त्याला ऐकवले आणि सुरमई मात्र ठेवून घेतली. पण त्याच्या प्रश्नात नोंदणीतील खरी उणीव होती. इंग्लंडमध्ये निळा बिल्ला व्यक्तीला मिळतो; ती ज्या गाडीत बसेल त्या गाडीला त्या दिवशी तो लागू. आपल्याकडे नोंद गाडीला चिकटलेली असल्यामुळे बहिणीच्या गाडीतून गेले की माझ्या हातात फक्त यूडीआयडी कार्ड उरते आणि वादावादी पहिल्यापासून सुरू होते.

इतर फायदे थोडक्यात. अपंग व्यक्तीसाठी खास रचलेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्गावरील पथकर माफ आहे. त्यासाठी वेगळा फास्टॅग घ्यावा लागतो आणि आरसीवरची नोंद तेथे कामी येते. विम्याच्या वेळी फेरबदलाची नोंद दाखवून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत मागावी. मागितल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

त्या अडीच मीटरच्या जागेबद्दल मी एप्रिलमध्ये लेखी अर्ज दिला, सोबत टेपचा फोटो जोडला. तोंडी सांगून तोपर्यंत चार महिने झाले होते. अर्जानंतर तीन आठवड्यांत शेजारची दुचाकीची जागा काढून तेथे पिवळे तिरके पट्टे मारण्यात आले आणि पहिल्यांदाच मला दार पूर्ण उघडता आले. आता पावसाने ते पट्टे पुसट झाले आहेत आणि त्यांवर पुन्हा एक स्कूटर उभी राहू लागली आहे. रंग उन्हाळ्यातच टिकतो, दिवाळीनंतर मारून देऊ, असे तेथील शिपाईकाकांनी सांगितले असून तोवर ते सकाळी स्वतःची खुर्ची त्या पट्ट्यांवर मांडून ठेवतात आणि मी आले की उचलतात.