बायबल वाचनाचे अ‍ॅप: आज्ञापालनाच्या कसोटीवर

दररोजचे बायबल वाचन ठरवून देणारे एक मोबाईल अ‍ॅप मी बराच काळ नियमित वापरत आहे. ते वाचणाऱ्याला देवाच्या आज्ञेत चालण्यास मदत करते का, एवढ्याच प्रश्नावर मी त्याचे परीक्षण करीत आहे.

अ‍ॅपमधील मुख्य योजना रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण स्कॉटिश पाळकाने, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूने, १८४२ मध्ये डंडी येथील आपल्या चर्चच्या मंडळीसाठी आखलेल्या वेळापत्रकाची आहे. त्यात दररोज चार अध्याय असतात, दोन कुटुंबासह आणि दोन एकांतात वाचण्यासाठी. वर्षभरात जुना करार (बायबलचा पहिला भाग) एकदा, तर नवा करार (दुसरा भाग) आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या बायबलमधील चारही पुस्तकांना १ जानेवारीलाच सुरुवात होते. आजचा उतारा कोणता असावा हे आपल्या हाती राहत नाही, हा या योजनेचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. मनात कोणाविषयी राग धुमसत असताना नेमका मत्तयाचा पाचवा अध्याय समोर येतो, आणि अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी आपल्या भावाशी समेट करण्याची प्रभू येशूची आज्ञा टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या सोयीची वचने निवडून वाचणाऱ्याला ही शिस्त लागत नाही.

अ‍ॅपची खरी उणीव न चुकता वाचलेल्या सलग दिवसांच्या मोजणीत आहे. चारही अध्यायांपुढे खूण उमटली की अभिनंदनाचा संदेश येतो, आणि दिवसाचे कर्तव्य पार पडले असे वाटू लागते. इस्राएलच्या शौल राजाने देवाची आज्ञा मोडून अमालेकी या शत्रूंची उत्तम गुरेमेंढरे राखली आणि ती यज्ञासाठी आहेत असे सांगितले, तेव्हा यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, असे संदेष्टा शमुवेलाने त्याला बजावले. वाचनाचाही असा यज्ञ होऊ शकतो. मॅकशेनने हा धोका ओळखला होता. कोरडा उपचार, स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान, निष्काळजी वाचन आणि न पेलणारे जू या चार धोक्यांची सूचना त्याने वेळापत्रकासोबतच दिली होती. अ‍ॅपने वेळापत्रक घेतले, ही सूचना मात्र वगळली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ध्वनिवाचन स्पष्ट आहे आणि अक्षरांचा आकार वाढवता येतो. त्याहून मोलाची आहे ती वचनाखालील टिपणाची जागा. त्या वचनानुसार आज करायची एकच कृती, मग ती कोणाची क्षमा मागण्याची असो वा अडकवून ठेवलेले देणे फेडण्याची, तेथे लिहून संध्याकाळची आठवण लावता येते. केवळ ऐकणारे न राहता वचनाप्रमाणे आचरण करणारे व्हा, असे याकोब नव्या करारातील आपल्या पत्रात सांगतो, आणि या सोयीचा उपयोग तेवढ्यासाठीच करावा. आपले तारण कृपेने झालेले आहे आणि आज्ञापालन हे प्रभूवरील प्रीतीचे फळ आहे, याचे भान सुटले तर हेच टिपण नव्या नियमशास्त्रासारखे, म्हणजे नियम पाळूनच देवाला संतुष्ट करू पाहण्यासारखे, ओझे होईल. आज्ञा पाळण्याची इच्छा आणि बळ देव देतो, म्हणून टिपण लिहिण्याआधी प्रार्थना हवीच.

सलग दिवसांची मोजणी सेटिंगमध्ये बंद करता येते, आणि ती बंद करूनच हे अ‍ॅप वापरावे, अशी माझी शिफारस आहे. विश्वासात नव्याने आलेल्यांनी हीच योजना दोन वर्षांत विभागण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे दररोज दोनच अध्याय येतील आणि वाचलेल्यावर मनन करून ते आचरणात आणण्यास वेळ उरेल.